सीमेवरचे उपदेशक आणि गोदाकाठचे श्रोते

गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. तिच्या दक्षिण तीरावरील राक्षसभुवन येथे १७६३ साली माधवराव पेशवे आणि निजाम यांच्या सैन्यांची गाठ पडली आणि निजामाचा पराभव झाला. पुढे मात्र हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानातच राहिला. पश्चिमेला शेवगाव-पाथर्डीच्या बाजूस इंग्रजी अंमल, अलीकडे निजामाचा, अशी एक राजकीय सीमा या भागाने १९४८ पर्यंत पाहिली. या सीमेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु मराठवाड्यातील प्रत्येक गावाला आणखी एक सीमा होती, ती म्हणजे गावची वेस. कोण वेशीच्या आत राहील आणि कोण बाहेर, याचा निर्णय पेशव्याने वा निजामाने केला नव्हता, आणि कोणत्याही तहाने तो बदलला नाही. एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात आलेल्या ख्रिस्ती उपदेशकांचा विचार करताना आम्हांस ही दुसरी सीमा अधिक महत्त्वाची वाटते.

सीमावर्ती प्रदेशातील धर्मप्रसार ही कल्पना मुळात अमेरिकेतली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस ॲस्बरी आणि त्यांचे मेथडिस्ट सहकारी घोड्यावर बसून वस्त्यावस्त्यांतून उपदेश करीत हिंडत. अशाच उत्साहाच्या वातावरणात १८०६ साली विल्यम्स कॉलेजातील काही विद्यार्थ्यांनी परदेशी जाण्याचा संकल्प केला. १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड स्थापन झाले आणि १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले. या मंडळींची चरित्रे आजही प्रेरणेसाठी सांगितली जातात. ते दूर गेले, त्यांनी हाल सोसले, म्हणून आपणही आपली श्रद्धा इतरांपर्यंत नेली पाहिजे, असा त्या सांगण्याचा साधारण रोख असतो. हाल सोसणे खरेच होते. पण प्रेरणा नेमकी कशापासून घ्यायची, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. साम्राज्याचे अधिकारीही दूर जात आणि तापाने मरत. आमचे म्हणणे असे की, या उपदेशकांनी दुसऱ्यांच्या किती सीमा ओलांडल्या यापेक्षा त्यांची स्वतःची सीमा कोठे मोडली, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. मराठी प्रदेशाच्या इतिहासात याची काही उदाहरणे स्पष्ट दिसतात.

पहिले उदाहरण हॉल यांचेच घेऊ. तेरा वर्षे त्यांनी मराठीचा अभ्यास केला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतराचे काम केले. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिककडे गेले, तेव्हा तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटली. परतीच्या वाटेवर धोडी धापूर नावाच्या गावी त्यांना स्वतःला पटकी झाली, तेव्हा पुरेसे औषध शिल्लक नव्हते. एका देवळाच्या ओसरीवर, बरोबरच्या दोन मुलांच्या सोबतीने, २० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार छापून निघाला. या मृत्यूची कथा मिशनच्या वाङ्मयात पुष्कळदा सांगितली गेली आहे. तिच्यातील एक तपशील आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो. ज्या मूर्तिपूजेच्या विरोधात हा मनुष्य बोलत आला, तिच्याच एका देवळाने त्यास शेवटचा आसरा दिला. उपदेश करण्यासाठी आलेला मनुष्य शेवटी पाहुणा झाला. सीमेवरच्या उपदेशकाचे यजमानांशी खरे नाते हेच असते. बहुतेकांच्या ते उशिरा लक्षात येते.

भाषा शिकणे हा या पाहुणेपणाचा पहिला पाठ. याबाबतीत हॉल यांच्या दोन शतके आधी एक इंग्रज जेझुइट फार पुढे गेला होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. ख्रिस्तकथा सांगण्यासाठी त्यांनी ओवी निवडली, पुराणाचा घाट निवडला, मराठी श्रोत्याच्या कानाचा आदर केला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्यांचे ऋण मानले आहे, ते योग्यच. पण त्याच साष्टी प्रांतात १५६७ च्या सुमारास देवळे पाडली गेली होती, आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन होते. ग्रंथ ओवीबद्ध असला तरी श्रोत्याला 'नको' म्हणण्याची मोकळीक कितपत होती, हे विचारल्यावाचून त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही. भाषेवर प्रेम आणि पाठीशी तलवार, या दोन गोष्टी एकाच काळात नांदू शकतात. म्हणून भाषाप्रभुत्व ही प्रसाराची आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नव्हे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत सत्ता इंग्रजांची होती, तरी कंपनी सरकार धर्मप्रसाराला उघड पाठबळ देत नसे. तेथे वादाचा मार्ग खुला झाला. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि लवकरच शास्त्री-पंडितांशी त्यांचे जाहीर वाद सुरू झाले. मोरभट दांडेकरांनी १८३१ साली 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहून उत्तर दिले. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी यांचे मिशनऱ्यांशी समुद्रकिनाऱ्यावर झालेले वादही प्रसिद्ध आहेत. ते वाद जॉर्ज बोवेन यांनी छापले. या वादांनी मराठी गद्याला युक्तिवादाची धार दिली, हे मान्य केले पाहिजे. पण वादात दोन्ही पक्ष आपापल्या सीमेवर पहारा देत उभे असतात. कोणी ओलांडलेच तर ते शरणागतीसारखे दिसते. बोवेन यांना हे उमगले असावे. त्यांनी मिशनचे वेतन सोडले, बाजारपेठेतील एका साध्या खोलीत दीर्घकाळ वास्तव्य केले आणि १८८८ मध्ये ते मुंबईतच वारले. धर्मांतरितांच्या संख्येने मोजले तर त्यांचे यश नगण्य होते. तरीही मुंबईच्या लोकांनी त्यांना आदराने स्मरले, कारण ते जे बोलत तसे जगत.

येथून आपण गोदावरीकडे वळू. गेवराईच्या उत्तरेला जालना हे छावणीचे गाव होते. तेथे १८६० नंतरच्या दशकात नारायण शेषाद्री आले. त्यांची कथा ज्या घटनेने सुरू होते, ती मराठी इतिहासात त्यांच्यापेक्षा त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने अधिक ओळखली जाते. १८४३ साली नारायण यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुलगा त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. मग पुढचा प्रश्न उभा राहिला, की मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घेता येईल काय? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास घ्यावे, असा पक्ष घेतला आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. शुद्धीच्या इतिहासात हे प्रकरण नेहमी येते. पण त्यात एक कुटुंबही होते, याचे आपल्याला बहुधा विस्मरण होते. मिशनच्या अहवालात जो विजय म्हणून नोंदला गेला, तो त्या घरात एका मुलाचा वियोग होता. धर्मप्रसारातून प्रेरणा घेऊ इच्छिणाऱ्याने या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. एकच वही वाचणारा श्रद्धाळू असेल, पण इतिहासाचा वाचक नव्हे.

१८५४ मध्ये शेषाद्रींना स्कॉटलंडच्या फ्री चर्चची दीक्षा मिळाली. मुंबईत राहून सुशिक्षितांत काम करणे त्यांना शक्य होते. त्यांचे इंग्रजी उत्तम होते आणि पुढे १८७३ साली न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोललेही. परंतु त्यांनी निजामाच्या मुलखात, जालन्यास, बिऱ्हाड केले आणि त्यांचे काम मुख्यतः मांग आणि महार वस्त्यांत वाढले. ब्राह्मण कुळात जन्मलेला मनुष्य वेशीबाहेर जाऊन बसला. बाप्तिस्म्याने त्यांची जात कागदावर सुटली होती. ती प्रत्यक्षात सुटली जालन्याच्या परिसरात, असे म्हणण्यास हरकत नाही. सीमा ओलांडणे म्हणतात ते हे. येथे परमुलूख नव्हता, परभाषा नव्हती. शंभर-दोनशे पावलांचे अंतर होते आणि ते चालायला कित्येक शतके कोणी तयार नव्हते.

कोणी नव्हते, असे म्हणणेही सर्वस्वी बरोबर नाही. गोदाकाठच्या श्रोत्यांच्या स्मरणात असे चालणारे पूर्वी होऊन गेले होते. गेवराईच्या वरच्या अंगास, नदीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने गेले की पैठण लागते. तेथील एकनाथांनी भारुडांतून महाराच्या तोंडी अध्यात्म घातले, आणि वाळवंटात रडणारे महाराचे मूल त्यांनी कडेवर उचलून घेतल्याची कथा घरोघर सांगितली जाते. त्याच्याही आधी याच खोऱ्यात चक्रधर पायी हिंडले आणि त्यांच्या पंथाने संस्कृत बाजूला ठेवून सर्वसामान्यांची मराठी धर्मभाषा म्हणून स्वीकारली. म्हणजे जालना-बीडच्या गावांत कोणी उपदेशक आला तर त्यास पारखण्याची मापे श्रोत्यांकडे आधीच होती. हा पायी येतो काय? आमच्या बोलीत बोलतो काय? वेशीबाहेर येऊन पाणी पितो काय? मिशनच्या इतिहासात श्रोत्यांना बहुधा रिकाम्या भांड्यासारखे दाखवले जाते. वस्तुतः ते फार जुने, फार जाणते श्रोते होते.

आणि ते बोलतही होते. १८५५ साली, शेषाद्री जालन्यास जाण्यापूर्वी, पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज अनेक अभ्यासक्रमांत आहे. आपल्या लोकांचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या मुलीने ज्या थेटपणे विचारला, त्याला उत्तर देणे तेव्हाच्या कोणत्याही धर्माला सोपे नव्हते. 'ज्ञानोदय' हे १८४२ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेले पत्र. धर्मप्रसारासाठी निघालेल्या पत्राने एका बाहेरच्या मुलीला आपले पान दिले. तिला उपदेश करण्याऐवजी तिचे म्हणणे छापले. आमच्या मते मिशनच्या पत्रकारितेतील हा एक मोठा क्षण होय, आणि त्यात उपदेशक ऐकण्याच्या जागी आहे.

शेषाद्रींनी पुढे जे केले ते जणू त्या प्रश्नाचेच एक उत्तर होते. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून त्यांनी जालन्यानजीक जमीन मिळवली आणि तेथे बेथेल हे गाव वसवले. बेथेल म्हणजे देवाचे घर; बायबलमधील याकोबाने उशाला दगड घेऊन निजलेल्या जागेस दिलेले हे नाव. येथे प्रार्थनामंदिर होते, शाळा होती, आणि वेशीबाहेर जन्मलेल्यांना कसायला शेत होते. ज्याला गावची विहीर बंद, त्याला स्वतःची विहीर म्हणजे काय, हे वेशीच्या आत जन्मलेल्यांना सहज कळणार नाही.

येथेच तो जुना आक्षेप उभा राहतो. जमीन दिली, शाळा दिली, दुष्काळात धान्य दिले. मग ती श्रद्धा होती की सौदा? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि पुढे छप्पन्नच्या दुष्काळात मराठी मिशनांकडे आलेल्या लोकांची संख्या एकदम वाढली, हे सर्वज्ञात आहे. हा आक्षेप उडवून लावणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोट रिकामे असलेल्याचा होकार पूर्ण मोकळा नसतो. मात्र या आक्षेपातही एक गृहीत लपलेले आहे. प्रतिष्ठा, पाणी आणि अक्षर यांची मागणी ही ऐहिक, आणि केवळ मोक्षाची मागणी ही आध्यात्मिक, अशी वाटणी ज्याच्या घरी पाणी आहे तोच करू शकतो. वेशीबाहेरच्या मनुष्यासाठी कोणी आपल्याला शिवतो, ही गोष्टच देवाविषयीची बातमी असू शकते. तेव्हा दिले काय यापेक्षा, देताना अट घातली काय, आणि घेणाऱ्याने नंतर 'नाही' म्हटले असते तर दिलेले काढून घेतले असते काय, हे प्रश्न अधिक नेमके आहेत. प्रत्येक मिशनच्या, प्रत्येक गावच्या बाबतीत त्यांचे उत्तर वेगळे येईल.

दुसरी एक अडचण खुद्द मंडळींच्या आतली. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही. मराठी ख्रिस्ती समाजातही महार-मांग हा भेद लग्नाच्या आणि पंगतीच्या वेळी डोके वर काढीत राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या करताना ख्रिस्ती झालेल्यांना वगळले. शिखांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला. म्हणजे वेस बाहेरूनही राहिली, आतूनही राहिली. याची दखल न घेता बेथेलची कथा केवळ विजयाची म्हणून सांगणे हा त्या गावातील लोकांवरच अन्याय होईल.

या सर्व अडचणींची जाणीव ज्याच्या लेखनात आणि जगण्यात सर्वाधिक तीव्रतेने दिसते, ते म्हणजे नारायण वामन टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी ठरली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग दिला, कीर्तन दिले, मिशनरी मराठीचा परका सूर काढून टाकला. येथवर ते स्टीफन्स यांचे वारस. परंतु टिळक आणखी एक पाऊल पुढे गेले. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसणार होते. सातारा येथे हे काम सुरू झाले. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि ते वाढू शकले नाही. पण कल्पना म्हणून तिचे महत्त्व कमी होत नाही. शंभर वर्षे उपदेशक ज्या सीमेवर उभे राहून माणसे मोजत होते, ती सीमाच टिळकांनी बैठकीसाठी अंथरली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे एक तुलना करून पाहावी. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही १८५७ ची कादंबरी विधवांच्या दुःखाविषयी कळवळ्याने लिहिली आहे. पण तिच्यातील पात्रे लेखकाच्या सिद्धांताकडे जाणाऱ्या वाटेवरच चालतात. वाचक सहानुभूत होतो, तरी आपल्याला कोठेतरी नेले जात आहे हे त्यास कळते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळातील संताप, लाज, सोवळ्याचा पीळ, आणि तो हळूहळू सुटत जाणे हे सारे त्यांनी हसत-रडत सांगितले आहे. या पुस्तकात वाचकाला कोठेही नेले जात नाही. तरी मराठी वाचकाने ख्रिस्ती श्रद्धेविषयी जे काही आपलेपणाने जाणले, ते बहुतांशी याच पुस्तकातून. शेषाद्रींच्या घरची जी वही कोणी लिहिली नाही, ती येथे एका स्त्रीने स्वतःच्या घरापुरती लिहून ठेवली आहे. वाद आणि साक्ष यांतील अंतर समजावून सांगण्यासाठी वर्गात याहून चांगला पाठ मिळणे कठीण.

आज श्रद्धा वाटून घेणे म्हणजे काय, याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. हा निर्णय अनेकांना संकुचित वाटतो आणि त्यावरील चर्चा चालूच राहील. मात्र त्यातील एक सूचना धर्मदृष्ट्याही मोलाची आहे. बोलणे माझ्या हाती आहे, मानणे ऐकणाऱ्याच्या. गेवराईसारख्या तालुक्यात आज हे ऐकणारे कोण आहेत? दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखरपट्ट्यात जाणारी ऊसतोड कुटुंबे आहेत. आषाढीला निघणारे वारकरी आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर स्वतःच्या निर्णयाने वेगळी वाट धरलेल्या बौद्ध वस्त्या आहेत. यांपैकी कोणीही रिकामे भांडे नाही. प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काही आहे, आणि उपदेशकाला पारखण्याची गोदाकाठची जुनी मापे अजूनही शाबूत आहेत.

म्हणून जुन्या उपदेशकांकडून उत्साह उसना घेण्यापेक्षा त्यांच्या चार-दोन कृती बारकाईने पाहाव्यात, असे आम्हांस वाटते. जवळचे औषध आधी देणारा हॉल, वेतन सोडून बाजारात राहणारा बोवेन, जन्माच्या वेशीबाहेर जाऊन बसलेले शेषाद्री, न बाप्तिस्मा घेतलेल्यालाही दरबारात आसन देणारे टिळक. या प्रत्येकाने आधी स्वतःचे काही सोडले आणि मग तोंड उघडले. जेथे हा क्रम उलटा झाला, तेथे मिशनच्या इतिहासातही कटुता उरली. हे केवळ ख्रिस्ती वाचकापुरते नाही. ज्याला ज्याला आपले सत्य, मग ते धर्माचे असो, विचारसरणीचे असो वा साहित्याचे, दुसऱ्यापर्यंत न्यावेसे वाटते, त्या प्रत्येकासमोर कोणती ना कोणती वेस असते. ती ओलांडून जाणाऱ्याने पलीकडच्या घरी पाणी मागावे, ते प्यावे, आणि घरच्या माणसाचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबावे. त्याला आपले ऐकावेसे वाटले तर तो विचारील. नाही विचारले, तरी पाणी दिल्याघेतल्याचे नाते उरतेच, आणि ते काही कमी नव्हे.